पहिली चिमूट दोस्ताची



शाळा सुटायच्या वेळी आमगाव, देवरी, तिरोड्याच्या एखाद्या चौकात थोडं थांबून पाहा. पानठेल्याजवळ सायकली लागतात. ठेलेवाला सुपारीच्या खांडांवर तंबाखू टाकतो, चुना लावतो, पन्नीत धरून खसाखसा घोटतो. खर्रा तयार! अठरा वर्षांखालच्या मुलाला तो विकणं 2003च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी पुडी मिळते. एक जण घेतो, चौघे खातात. पहिली चिमूट मुलगा बहुधा विकत घेतच नाही. ती दोस्त देतो, फुकट. नको म्हटलं की ऐकावं लागतं, "अबे, अजून लहान आहेस का?" चौदा वर्षांच्या पोराला या एका वाक्याची जेवढी धास्ती असते, तेवढी कॅन्सरची नसते.

याला संस्कार कमी पडले म्हणणं अन्यायाचं आहे. अमेरिकेतल्या गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी 2005 साली संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळातून दोस्तांच्या सोबतीचा परिणाम तपासला. दोस्त शेजारी असले की किशोरवयीन मुलं एकट्याने खेळताना घेत त्याहून जास्त धोका पत्करत. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. त्या वयात दोस्तांची नजर फार मोठी असते.

पण हीच नजर सावरतेही. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या गोंदिया जिल्ह्यात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. जंगलाच्या रस्त्याने पोरीला एकटी धाडायला आईचं मन धजत नाही. तिघीचौघी सोबत निघाल्या की तीच आई डबा बांधून देते. रोवणीच्या दिवसांत एखादी घरी राहिली, तर संध्याकाळी मैत्रिणी दारात उभ्या: "काकू, उद्या पाठवा हिला, पेपर आहे." सायकल सरकारने दिली, शाळेत टिकवलं मैत्रिणींनी. याचं श्रेय त्यांना कोणी देत नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून पालकांनो, "त्याच्यासंगं फिरू नको" असं बजावू नका. त्याने दोस्ती तुटत नाही, लपून चालते. त्या सगळ्या पोरांना घरी बोलवा, चहा पाजा, त्यांची नावं, गावं माहीत करून घ्या. आणि बाबांच्याच खिशात पुडी असेल, तर ती आधी बाहेर काढा. गुरुजींनी वर्गाला भाषण देण्यापेक्षा टोळीत ज्याचा शब्द चालतो त्या एकाशी मोकळेपणाने बोलावं.

मुलांनो, खर्रा खाऊन तुमच्यापैकी कोणाच्या तोंडात उभी तीन बोटं जात नसतील, साधी भाजीही तिखट लागत असेल, तर त्याला चिडवू नका. त्याचा खर्रा आजच बंद करायला लावा आणि सोबत जाऊन त्याला सरकारी दवाखान्यातल्या दंतवैद्याला दाखवा.