दोन गुणांचा हिशेब

(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



छड्या, डबे, गोदाघाटावरची सहल, सगळे आधीच्या वक्त्यांनी सांगून झाले. मी एक जुने देणे फेडायला उभा आहे.

१९८१ साली बारावीला दोन गुण कमी पडले आणि माझा मेडिकलचा प्रवेश हुकला. शाळेत माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राला मात्र माझ्यापेक्षा कमी गुणांवर राखीव जागेतून प्रवेश मिळाला. तो पेठ तालुक्यातल्या पाड्यावरचा, वसतिगृहात राहून शिकणारा. यादी लागली त्या दिवशी मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, "माझी जागा तू घेतलीस." तो काही बोलला नाही. सीबीएसच्या दिशेने चालू लागला.

पुढे बँकेत हिशेब तपासता तपासता हाही हिशेब मी पुन्हा मांडला. माझे वडील शिक्षक, अभ्यासाला वेगळी खोली, दोन विषयांची शिकवणी. त्याच्या घरातून शाळेत गेलेला तो पहिलाच. घरी कोकणा बोली. इंग्रजी सोडा, पुस्तकातली मराठीही त्याला नवी होती. गुणपत्रिकेत कोण कुठवर पोचला ते छापतात, कुठून निघाला ते नाही.

दुसरी नोंद अधिक अवघड आहे. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालये निघाली. माझ्या नात्यातली दोन मुले माझ्याहून कमी गुण असताना देणगी भरून इंजिनिअरिंगला गेली. त्यांचे पेढे मी आनंदाने खाल्ले. कुणाची जागा घेतली, असे त्यांना विचारावेसे वाटले नाही.

आरक्षणावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. एकाच घराला सवलत किती पिढ्या द्यावी, खुल्या वर्गातल्या गरिबाचे काय, हे प्रश्न खोटे नाहीत. मराठा आरक्षणाचा कायदा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, २०२४ मध्ये नवा आला. वाद आता नातवंडांच्या पिढीत पोचला. फक्त 'माझी जागा' हा शब्द जपून वापरावा, एवढेच मी शिकलो.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखल्या. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी वसतिगृहे उभी केली. आपल्या नाशिकच्या उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिलाही १९२० मध्ये त्यांच्याच हस्ते बसली. जागा मिळाली तरी राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हे त्यांना ठाऊक होते.

आपली तुकडी शाळेला कमान बांधून देणार आहे. माझी विनंती, कमान थोडी लहान करू. उरलेल्या पैशांतून, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांचा खाणावळीचा आणि पुस्तकांचा खर्च दरवर्षी उचलू. जात कोणतीही असो.

तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. आम्ही नंतर अनेकदा भेटलो, त्या दिवसाबद्दल मात्र कधी बोललो नाही. डॉक्टर, मी सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागतो. ती जागा तुझीच होती.