चारच नावं

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तुझ्या कामातलं काहीतरी सांग," असा संयोजकांचा निरोप आला. मी पडलो बांधकामातला माणूस. म्हणून एका इंजिनिअरची गोष्ट सांगतो.

मुंबईला गेलात की कुलाब्याचं अफगाण चर्च बघा. गॉथिक पद्धतीच्या टोकदार कमानी, वर निमुळता होत गेलेला मनोरा. पायाभरणी १८४७ ची. चर्च सुरू झालं १८५८ मध्ये आणि मनोरा पुरा झाला १८६५ मध्ये. विलायतेतल्या नामांकित गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा खर्चिक ठरला, तेव्हा काम आलं मुंबईतच नोकरीला असलेल्या हेन्री कॉनिबेअरकडे. मुंबईला पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजनाही त्याचीच. तो तलाव १८६० मध्ये पुरा झाला.

पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांचं हे चर्च स्मारक आहे. आत अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साध्या शिपायांबद्दल मात्र एवढंच, की ते इतके होते की सगळ्यांची नावं देणं शक्य नाही.

ते वाचलं आणि मला आपलं कार्ला आठवलं. सहलीला जाऊन आपण तिथल्या पायऱ्यांवर दंगा करायचो. त्याच चैत्याच्या दारापाशी दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे : हे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केलं, वेणुवासाच्या मुलाने. दान देणाऱ्यांची नावं तर आहेतच, पण सुताराचंही आहे, बापाच्या नावासकट.

मग आठवले आपले शिपाईमामा. घंटा देणारे, मुसळधार पावसात मळवली-कामशेतच्या पोरांना लोकलपर्यंत सोडायला येणारे. त्यांचं पूर्ण नाव काय? मला सांगता येईना. दहा वर्षं रोज हाक मारली, ती नुसती 'मामा' म्हणून. गेल्या महिन्यात शाळेचं जुनं हजेरीपुस्तक काढून घेतलं, तेव्हा कळलं.

संपादक मंडळाला एकच विनंती. स्मरणिकेत गुरुजनांची यादी छापाल, तिच्यातच, तेवढ्याच ठळक अक्षरांत, आपल्या वेळच्या शिपायांचीही नावं छापा, वडिलांच्या नावासकट. 'फार होते' म्हणायची सोय आपल्याला नाही. ते चारच होते.