लाल माती आणि गादी

प्रत्येक खेळ दोन ठिकाणीं खेळला जातो. एकदां मैदानांत आणि एकदां पाहणारांच्या बोलण्यांत. मैदानांतील खेळ पंचाच्या शिट्टीबरोबर संपतो. बोलण्यांतील खेळ पुढच्या मैदानापर्यंत चालूं राहतो. कोल्हापुरांत ह्या दुसऱ्या खेळाची परंपरा पहिल्याइतकीच जुनी आहे. अमुक मल्लानें ढाक लावली ती वेळेवर लावली काय, तमुकानें पट काढण्याची घाई केली काय, ह्यावर येथील माणूस अधिकारवाणीनें बोलतो. मग त्यानें स्वतः कधीं लंगोट कसलेला असो वा नसो. गेलीं कित्येक वर्षें ह्या मंडळींच्या वादाचा विषय मुख्यतः एकच आहे : कुस्ती मातींत राहावी कीं गादीवर जावी? आणि ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे : खाशाबा जाधवांनीं आरंभिलेल्या कथेचा पुढचा अध्याय कोण लिहिणार?

ह्या वादाचें मर्म कळण्यासाठीं प्रथम खासबागेकडे पाहिलें पाहिजे. छत्रपति शाहू महाराज १९०२ सालीं युरोपच्या प्रवासास गेले होते. रोम येथील प्राचीन क्रीडागाराचे अवशेष पाहून कोल्हापुरास तसें मैदान बांधण्याची कल्पना त्यांच्या मनांत आली, असें सांगितलें जातें. १९१२ सालीं तें मैदान तयार झालें. मधोमध मातीचा हौदा, सभोंवतीं चढत गेलेली गोलाकार बैठक, आणि शेवटच्या रांगेंतील माणसासहि डाव स्पष्ट दिसावा अशी एकंदर रचना. महाराजांनीं परप्रांतींच्या नामांकित मल्लांना आश्रय दिला, तालमींना उत्तेजन दिलें. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी हीं नांवें तेव्हांपासून केवळ पेठांचीं वा इमारतींचीं राहिलीं नाहींत. तीं घराण्यांच्या नांवांसारखीं उच्चारलीं जाऊं लागलीं.

ह्या हौद्यांतील मातीहि साधी नव्हे. चाळलेल्या तांबड्या मातींत ताक, हळद, लिंबू, तेल मिसळून ती मऊ व निर्मळ ठेवतात. अशा मातींत पाय किंचित् रुततो व चाल मंदावते. म्हणून मातीच्या कुस्तींत चपळाईपेक्षां दम, पकड आणि धीर यांना महत्त्व येतें. जांघियास हात घालून पकड घेण्याची मोकळीक बहुतेक मैदानांत असते. जुन्या रीतींत घड्याळास स्थान नव्हतें. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मातीस लागले, कीं निकाल झाला. तोंवर कुस्ती तास दीड तास चालली तरी कोणाची तक्रार नसे. निकाल डोळ्यांनीं दिसे, आणि हलगीच्या ठेक्यावर सारें मैदान एकदम उठे.

गादीचा न्याय निराळा आहे. बारा मीटर चौरसाच्या गादीवर नऊ मीटर व्यासाचें वर्तुळ असतें. तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्यें तीस सेकंदांची विश्रांति. प्रतिस्पर्ध्यास खालीं आणून ताबा मिळविला तर दोन गुण, उचलून पाठीवर फेंकलें तर चार किंवा क्वचित् पांच, वर्तुळाबाहेर लोटलें तर एक. मुक्त शैलींत दहा गुणांची आघाडी मिळाली, कीं कुस्ती तेथेंच थांबते. जो मल्ल नुसता अंग राखून उभा राहतो, त्यास पंच ताकीद देतात. अंगावरील पोषाखास हात घालण्याची मनाई. मात्र एक गोष्ट वादाच्या भरांत पुष्कळदां विसरली जाते : खांदे टेकले, कीं कुस्ती संपली, हा मूळ नियम गादीवरहि कायम आहे. चीतपट कुस्ती दोहींकडे श्रेष्ठच आहे.

मातीचे अभिमानी म्हणतात, गुणांच्या मोजणीनें कुस्तीचा जीव गेला. सहा मिनिटांत काय दिसणार? एका गुणाची आघाडी घेऊन उरलेला वेळ टाळाटाळींत घालविणारा मल्ल विजयी कसा? हा आक्षेप पोकळ नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत माती विभागांतच, गंगावेस तालमींत तयार झालेला सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या लढतींत एका डावास दिलेल्या चार गुणांवरून साऱ्या महाराष्ट्रांत वाद माजला. शेख हरला, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यानें तो किताब मिळविला, तरी त्या चार गुणांचा हिशेब अद्याप संपलेला नाहीं. ह्यावरून एवढें दिसतें कीं, गुणांची पद्धति आतां मातींतहि येऊन पोहोंचली आहे. आणि जो निकाल पूर्वीं प्रेक्षक स्वतः पाहत असे, तो आतां पंचाच्या तोंडून ऐकावा लागतो. तक्रारीचें खरें मूळ येथें आहे.

गादीच्या पुरस्कर्त्यांचें उत्तर असें : जग गादीवर कुस्ती खेळतें. मातींतील ताकदीचा डाव गादीवर रचेपर्यंत समोरचा मल्ल पायाशीं शिरून एकेरी पट काढतो. ज्यास ऑलिंपिकमध्यें उतरावयाचें आहे, त्यानें विसाव्या वर्षीं नव्हे, दहाव्या वर्षीं गादीवर पाऊल ठेविलें पाहिजे. हेंहि खोटें नाहीं. पण गादीचे नियम म्हणजे कांहीं वेदवाक्य नव्हे. २००५ पासून कांहीं वर्षें मुक्त शैलींत असा नियम होता कीं, फेरींत कोणासहि गुण न मिळाल्यास पिशवींतून रंगीत चेंडू काढावा, आणि ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्यानें प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून कुस्ती सुरू करावी! ज्या खेळांत मल्लाचें नशीब पिशवींतून निघूं लागलें, त्यावर लोकांचें प्रेम कसें राहणार? फेब्रुवारी २०१३ मध्यें कुस्तीस ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस झाली. तेव्हां जागतिक संघटनेनें अध्यक्ष बदलला, नियम सुधारले, दोन फेऱ्यांची आजची रचना आणली. सप्टेंबरांत कुस्तीस तिचें स्थान परत मिळालें. पाहणारांस खेळ कळला पाहिजे, हा धडा जगाच्या संघटनेस धक्का बसल्यावर शिकावा लागला. खासबाग बांधणारास तो आधींच ठाऊक होता.

आतां खाशाबांकडे वळूं. कराडजवळच्या गोळेश्वर गांवीं जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयांत शिकले. १९४८ सालीं ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. गादीचा व आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव जवळजवळ नव्हताच; तरी ते सहावे आले. दुसरा एखादा मल्ल गादीस बोल लावून परत मातींत रमला असता. खाशाबांनीं चार वर्षें ती नवी विद्या शिकण्यांत घालविलीं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यास पैसा नव्हता, तेव्हां त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बँटम वजनगटांत खाशाबांना कांस्यपदक मिळालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मातीनें त्यांना मल्ल केलें. पदकापर्यंत त्यांना नेलें तें गादीच्या अभ्यासानें. वाद घालणारे दोन्ही पक्ष खाशाबांचें नांव घेतात, आणि दोघेहि त्या कथेचा अर्धाच भाग सांगतात.

त्यांच्यानंतर १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत गणपतराव आंदळकर व मारुति माने ह्या मातींत वाढलेल्या मल्लांनीं सुवर्णपदकें जिंकलीं. पण ऑलिंपिकचें पदक कुस्तींत पुन्हां यावयास २००८ साल उजाडलें. छप्पन्न वर्षें गेलीं, आणि तें आलें दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधून. तेथें शिष्य घडविणारे सत्पाल हे स्वतः मातीचे मल्ल. परंतु शिष्यांस त्यांनीं लहानपणींच गादीवर उतरविलें. सुशीलकुमार, रविकुमार दहिया, अमन सेहरावत हे सारे तेथले. इकडे महाराष्ट्राच्या राहुल आवारे यानें २०१९ च्या जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून आपल्या मातींतहि कांहीं उणें नाहीं हें दाखविलें. आणि २०२४ सालीं पॅरिसला, खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनीं, महाराष्ट्राच्या खेळाडूस दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालें. तो खेळाडू कोल्हापूर जिल्ह्यांतीलच, राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे; पण पदक कुस्तीचें नव्हे, नेमबाजीचें! कोल्हापुरानें त्याचें आनंदानें स्वागत केलें. तालमींत मात्र त्या आनंदाबरोबर एक चुटपुटहि लागून राहिली.

ह्या वादाचें ओझें शेवटीं कोणाच्या खांद्यावर पडतें? बारा वर्षांचा मुलगा गांव सोडून तालमींत येतो. घरचें दूध विकण्याऐवजीं त्याच्या खुराकासाठीं राखलें जातें. यात्रा-जत्रांच्या मैदानांतील इनामावर त्याचा खर्च निघतो, आणि तीं मैदानें मातीचीं असतात. म्हणून तो मातींतच मेहनत करतो. पुढें राष्ट्रीय स्पर्धेंत गादीवर उभा राहतो, तेव्हां त्याचें अर्धें वय शिकण्यांत गेलेलें असतें आणि पुढचें अर्धें शिकलेलें विसरण्यांत जातें. मुलींची गोष्ट ह्याच्या उलट आहे. तालमीचें दार त्यांना फार काळ बंद होतें, म्हणून गादीनेंच त्यांना प्रथम जागा दिली. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची कुस्ती २००४ पासून आहे. २०२३ सालीं सांगलीस पहिली महिला महाराष्ट्र केसरी प्रतीक्षा बागडी झाली. त्यांच्यापुढें गादी बरी कीं माती बरी हा प्रश्नच उभा राहिला नाहीं.

तेव्हां माती कीं गादी, असा निवाडा मागण्यांत अर्थ नाहीं. प्रत्येक तालमींत हौद्याच्या शेजारीं गादी असावी. मुलानें सकाळीं मातींत दम कमवावा आणि संध्याकाळीं गादीवर चपळाई. यात्रेच्या मैदानांत निकाली कुस्तीचें इनाम राहावें, आणि गादीवर जिंकणाऱ्या पोरासहि गांवानें तसाच फेटा बांधावा. एवढें झालें तर वाद मिटणार नाहीं, आणि मिटूंहि नये. रसिकांचा वाद हाच खेळाचा खुराक आहे. फक्त त्या वादाची किंमत बारा वर्षांच्या मुलानें मोजूं नये. लंडनला सहावा आलेला मल्ल परत येऊन पुन्हां शिकावयास बसला, म्हणून हेलसिंकी घडलें. पुढचा अध्याय ज्यास लिहावयाचा असेल, त्यास आरंभ तेथूनच करावा लागेल.