गाण्याचा पहिला सूर म्हणजे ‘सा’ नव्हे

आपल्या भजनी मंडळांत नेहमी घडणारा एक प्रकार आहे. एखादी गाणं उचलते, पेटीवाले काका तिचा पहिला सूर पकडतात, त्यालाच सा धरतात आणि साथ सुरू करतात. ओळ संपेपर्यंत काहीतरी खुपायला लागतं. मग सगळ्या माना गाणारीकडे वळतात. ‘सुरात गा गं,’ असं तिलाच ऐकावं लागतं. पुष्कळदा ती अगदी सुरात असते! आज तिची बाजू मांडायची आहे.

गाणं कुठून निघतं आणि गाण्याचं घर कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. घर म्हणजे सा. ‘जन गण मन’ सा वरूनच निघतं. पण वाढदिवसाचं ‘हॅपी बर्थडे’ गुणगुणून बघा. ते खालच्या पंचमावरून उठतं: प प ध प, आणि मग कुठे सा येतो. यमन गाताना तर सा ला वळसा घालून नि रे ग असा उठाव किती वेळा ऐकतो आपण.

आता कॉर्ड. पेटीवर किंवा कीबोर्डवर तीन सूर एकदम दाबले की कॉर्ड झाली. (रागाला कॉर्ड लावू नये असं म्हणणारे गुरुजी आहेत, आणि रागापुरतं ते खरंच आहे. आपण साध्या गाण्यांबद्दल बोलतोय.) सा-ग-प ही घरची कॉर्ड. पण पंचम त्या कॉर्डमध्ये आहे, प-नि-रे मध्ये आहे आणि ग-प-नि मध्येही आहे. तेव्हा नुसता पहिला सूर ऐकून कोणती कॉर्ड दाबायची हे कळत नाही, मग पट्टी कुठून कळणार?

तेच वाढदिवसाचं गाणं घ्या. समजा, गाणारीचा सा पांढरी पाच आहे. ती सुरुवात करणार खालच्या पांढरी दोनवर. काकांनी पांढरी दोनलाच सा धरलं, तर ते दाबतील पांढरी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा. पहिला सूर त्यात चपखल बसतो, म्हणून कोणालाच शंका येत नाही. पण ती स्वतःच्या सा वर, म्हणजे पांढरी पाचवर आली की शेजारची काळी तीन तिला टोचते. चिकटून असलेल्या दोन पट्ट्या एकदम वाजल्या की कान कुरकुरणारच. तिथे हवी होती पांढरी पाच, पांढरी सात आणि वरची पांढरी दोन. गंमत म्हणजे पुढच्याच सुराला, नि वर, काकांची ती आधीची कॉर्ड अगदी बरोबर लागते!

मग सा शोधायचा कसा? पेटी बंद ठेवून ध्रुवपद पूर्ण म्हणा. जिथे गाणं टेकल्यासारखं वाटतं, पुढे काही नाही आलं तरी चालेल असं वाटतं, तो सूर पेटीवर शोधा. बहुतेक गाण्यांत तोच सा. खात्री नसेल तर तो सूर आणि त्याचा पंचम धरून ठेवा, तानपुऱ्यासारखा, आणि त्यावर पूर्ण कडवं गाऊन बघा. चूक असेल तर लगेच कळतं.

पट्टी ठरवतानाही पहिल्या सुरावर जाऊ नका. राष्ट्रगीत सा वर सुरू होतं, पण शेवटच्या जयजयकाराला वरच्या सा पर्यंत चढतं. झेंडावंदनाला कोणी उंच पट्टीत सुरुवात केली की शेवटी निम्म्या बायका नुसते ओठ हलवतात. काळी एक, काळी दोन या पुरुषांच्या पट्ट्या. आपल्यापैकी बऱ्याच जणींचा गळा पांढरी पाच, काळी चार, काळी पाचच्या आसपास मोकळा होतो. म्हणून आधी गाण्यातला सगळ्यात वरचा सूर म्हणून बघा, तो न ओरडता लागतो ना, आणि मग काकांना सा सांगा. वहीत गाण्याच्या नावापुढे तो लिहून ठेवा. शेजारी छोटीशी खूणही करा: ‘प पासून सुरू’.