सरळ दातांची राखण



बेंगळूरात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींत, तिशी-चाळिशी ओलांडल्यावर पारदर्शक अलाइनर लावून दात पुन्हा सरळ करून घेण्याचा जो प्रघात गेल्या काही वर्षांत पडला आहे, त्याविषयी बोलावे अशी सूचना मला झाली, आणि ती मी आनंदाने स्वीकारली. कारण या विषयात एक गोष्ट अशी आहे की, ती चिकित्सालयात एकेका रुग्णाच्या कानी घालीत बसण्यापेक्षा एकदाच हजारोंच्या कानी घालावी असे मला फार दिवसांपासून वाटत होते. अलाइनर कसा दिसतो, कोठे मिळतो, त्याला खर्च किती येतो, हे आपण जाणताच. त्यात मी वेळ दवडीत नाही. मला बोलायचे आहे ते दात सरळ झाल्यानंतरच्या काळाविषयी. तो काळ, श्रोतेहो, उपचाराच्या काळाहून कितीतरी मोठा असतो, आणि आपण त्याचा विचारच करीत नाही.

या वयात दात सरळ करून घेण्यास जे येतात, त्यांतील पुष्कळांची हकीकत एकाच साच्याची असते. पुण्यास, बेळगावास किंवा हुबळीस शाळेत असताना त्यांच्या दातांना तारा लावलेल्या असतात. जागा करण्यासाठी सुळ्यांमागच्या उपदाढा काढलेल्या असतात. दीड-दोन वर्षे आईवडिलांनी दरमहा नेऊन आणून उपचार पुरा केलेला असतो. शेवटी वैद्याने सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा एक रिटेनर हाती देऊन तो रात्री न चुकता लावण्याची ताकीद दिलेली असते. मग अभियांत्रिकीचे वसतिगृह येते, नोकरी येते, हे शहर येते आणि रिटेनर कोठल्याशा पेटीत राहून जातो. वीस वर्षांनी आरशात पाहावे, तो खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. मग दोष दिला जातो अक्कलदाढेला! मी अत्यंत कळकळीने सांगतो, त्या बिचाऱ्या दाढेवर हा आरोप सिद्ध होत नाही. ती काढलेली असो वा नसो, कित्येकांना तर ती जन्मतःच नसते, तरीही खालच्या दातांची दाटी वयाबरोबर वाढत जाते. ज्यांनी आयुष्यात कधी तार लावली नाही त्यांचीही वाढते. जबड्याची कमान हळूहळू आकसत असते आणि हा क्रम प्रौढपणी थांबत नाही.

अमेरिकेत सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांचे सहकारी यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ जणांचे दात, रिटेनर सुटल्यावर निदान दहा वर्षांनी पुन्हा मोजले. १९८१ साली प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष असा की, सुमारे दोन तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात समाधानकारक स्थितीत राहिले नव्हते. पुढे वीस वर्षांपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा चांगल्या स्थितीत उरलेले दहांत एक या प्रमाणात निघाले. उपचार करणारे कुशल होते, तारा उत्तम होत्या. राखण मात्र सुटली होती.

हे असे का होते, ते कळण्यासाठी मी आपणांस स्वयंपाकघरात नेतो. वैशाखात कैरीचे लोणचे घालणे हे एका दुपारचे काम. ते राखणे हे वर्षाचे काम. फोडींना मीठ-मसाला लागला, बरणी भरली, म्हणजे लोणचे झाले असे कोणतीही गृहिणी मानीत नाही. फोड मुरली पाहिजे. तारा निघाल्या त्या दिवशीचा दात हा असाच न मुरलेला असतो; बाहेरून जागेवर, आतून कच्चा. दाताचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. दात सरकविला की एका बाजूस हाड झिजते, दुसऱ्या बाजूस नवे भरते आणि हे तंतू ताणले जातात. नॉर्वेचे संशोधक कोरे रेइटान यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले की, मुळाभोवतीचे तंतू काही महिन्यांत नव्या जागी रुळतात, परंतु हिरडीतील तंतूंना पुष्कळ अधिक अवधी लागतो. कित्येकदा वर्ष उलटून जाते. एवढा काळ ते तंतू दातास पूर्वीच्या जागेकडे ओढीत असतात.

आता कोणी म्हणेल, वर्ष झाले, लोणचे मुरले, आता काय? आता बरणीच्या तोंडाला दादरा बांधलेला असतो, फोडींवर तेलाचा थर असतो, आत ओला डाव घालायचा नाही असा घरात दंडक असतो. सहा महिने लोणचे टिकले म्हणून दादरा सोडून फेकून दिला, असे आपण कोठे पाहिले आहे काय? दात टिकले ते दादऱ्यामुळे, हे आपण विसरतो आणि टिकले म्हणून दादराच काढून टाकतो. तो दादरा म्हणजे रात्रीचा रिटेनर. हे मी या भाषणात पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नये.

खुद्द अलाइनरचा जन्मही याच राखणीतून झाला आहे. झिया चिश्ती नावाच्या तरुणाने प्रौढपणी तारा लावून दात सरळ करून घेतले होते. प्लॅस्टिकचा पारदर्शक रिटेनर लावण्यात खंड पडला की दात किंचित हलतात आणि तो पुन्हा लावला की जागेवर येतात, हे त्याच्या ध्यानी आले. मग अशा साच्यांची मालिकाच करून दात क्रमाक्रमाने का सरकवू नयेत, असा विचार त्याने केला. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असलेल्या केल्सी वर्थ यांच्या साहाय्याने त्याने १९९७ साली अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी स्थापली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाची मंजुरी मिळविली. त्यापूर्वी १९४५ साली केसलिंग यांनी रबराच्या साच्याने दात थोडे हलविण्याची युक्ती मांडली होती. पण एकामागून एक डझनावारी साचे अचूक घडविण्याचे काम संगणकावाचून होण्याजोगे नव्हते. म्हणजे पाहा, ज्या साधनासाठी आज आपण एवढी रक्कम मोजतो, त्याची कल्पना सुचली ती रिटेनर लावण्यात खंड पडल्यामुळे.

आता आपल्या शहराविषयी. प्रत्येक अलाइनर दातास सुमारे पाव मिलिमीटर सरकवितो, आणि त्यासाठी तो दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात असावा लागतो. खाताना, गरम पिताना, दात घासताना काढायचा. बावीस तासांचा दंडक पाळायचा तर उरतात दोन तास. न्याहारीस वीस मिनिटे, दुपारच्या जेवणास चाळीस, रात्रीच्या जेवणास चाळीस आणि दात घासण्यास वीस. दोन तास येथेच संपले. मग अकरा वाजता कचेरीतील सहकाऱ्यांबरोबर जी बाय-टू कॉफी होते, चारला जी दुसरी होते, आणि रविवारी सकाळी गांधी बाजारात विद्यार्थी भवनाच्या दाराशी डोशासाठी जी रांग लागते, त्यांचा हिशेब कोठे मांडायचा? या गावी कॉफी सोडा असे मी कोणास म्हणणार नाही. परंतु एक तर ती जेवणास जोडून घ्यावी, किंवा पिऊन झाल्याबरोबर चूळ भरून अलाइनर परत चढवावा. तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नये, ताटाबरोबर उचलला जातो. आणि गरम पाण्याने धुऊ नये, त्याचा आकार बिघडतो. हे तास चुकविल्यास पुढचा साचा नीट बसत नाही, मुदत लांबते, नवे साचे करावे लागतात.

आणखी एक इशारा. घरबसल्या टपालाने साचे मागवून दात सरळ करण्याचा व्यवहार अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाच्या कंपनीने २०१४ पासून मोठ्या प्रमाणावर चालविला. डिसेंबर २०२३ मध्ये ती कंपनी अकस्मात बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेले रुग्ण वाऱ्यावर सुटले. आपल्या शहरात १९५८ पासून शासकीय दंतमहाविद्यालय आहे, इतरही महाविद्यालये आहेत, दंतवक्रतेच्या शास्त्रात तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तज्ज्ञ आहेत. प्रौढाच्या दातांचा क्ष-किरण, हिरड्यांची खोली आणि हाडाची पातळी ज्याने स्वतः पाहिलेली नाही, त्याच्या हाती दात सोपवू नयेत. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी हिरड्या, मग दात. सुजलेल्या हिरडीत दात सरकविला तर हाड आणखी खाली जाते. दंतरोपणाने बसविलेला दात अलाइनरने हलत नाही, तेव्हा रोपण आधी की संरेखन आधी, याचाही निर्णय... पण हा विषय मोठा आहे, आणि घड्याळाचा काटा पुढे गेला आहे.

तेव्हा पुन्हा बरणीपाशी येतो. लोणचे बिघडले तर पुढच्या वैशाखात नव्या कैऱ्या आणता येतात. दातांच्या बाबतीत नव्या कैऱ्या नाहीत, श्रोतेहो! दुसऱ्यांदा जे दात सरकवायचे ते पहिल्या वेळचेच, वयाने वाढलेले. मुळांची टोके पहिल्या उपचारात थोडी झिजलेली असू शकतात, हाड क्वचित थोडे उतरलेले असते. तिसऱ्यांदा येण्याची वेळ आपण आपल्यावर आणू नये, एवढीच माझी विनंती आहे. मुलांना तारा लावलेल्या पालकांनाही सांगतो, तारा निघाल्या म्हणून पेढे अवश्य वाटा, पण रिटेनरचा तगादा सोडू नका. रिटेनर तुटला, सैल झाला किंवा हरवला, तर त्याच आठवड्यात नवा करून घ्या; सबंध उपचाराच्या मानाने त्याचा खर्च अल्प असतो. जुना रिटेनर पेटीत सापडला आणि लावताना घट्ट वाटला, तर जोर करून बसवू नका. तो आणि आपले दात दोन्ही तज्ज्ञाला दाखवा. दातांच्या आतल्या बाजूस चिकटविलेली बारीक तार असेल, तर वर्षातून एकदा ती तपासून घ्या, कारण एक टोक सुटले तरी आपल्या लक्षात येत नाही आणि दात मात्र हलू लागतो.

मधुमेह असलेल्यांविषयी, आणि हाडांच्या विरळतेसाठी औषधे घेणाऱ्यांविषयी मला बोलायचे होते. त्यांनी निदान उपचारापूर्वी आपली औषधे तज्ज्ञास सांगावीत, एवढेच आता सांगतो. मुदत संपली असल्याची खूण मला झाली आहे. आपण काहीही विसरलात तरी एवढे ध्यानी ठेवा: दात सरळ करण्यास वर्ष-दीड वर्ष पुरते, ते सरळ राखायचे असतील तर रात्रीचा रिटेनर आयुष्यभर लावावा लागतो. आज रात्रीपासून लावा.