व्यायामाआधीचा पेला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेला. परंतु आजचा विषय मला मंडळातल्याच एका भगिनीने दिला. त्यांचे नाव मी सांगणार नाही. हकीकत सांगण्याची मात्र त्यांची परवानगी आहे.

गेल्या महिन्यात त्या पिशवीत एक डबा घालून माझ्याकडे आल्या. डबा मुलाचा. जिमला जाण्यापूर्वी तो त्यातली भुकटी पाण्यात कालवून पितो. ‘प्री-वर्कआउट’ असे तिचे नाव. प्यायल्यावर थोड्याच वेळात त्याच्या कानांना नि बोटांना मुंग्या येतात. “बाई, हे विष तर नव्हे ना?” असे त्यांनी विचारले. आम्ही दोघी चष्मे लावून डब्यावरची बारीक अक्षरे वाचत बसलो. त्या दुपारी जे वाचले, तेच आज आपल्यापुढे मांडते.

पहिला घटक कॅफीन. हा आपल्या घरचाच पाहुणा. चहा-कॉफीत असतो तोच. आपल्या घरगुती कपभर चहात तो साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम असतो. अशा पुष्कळ डब्यांत एका मापात 150 ते 300 मिलिग्रॅम असतो. म्हणजे पाच-सहा कप चहा एका दमात घशाखाली! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली सांगितले की, निरोगी प्रौढ माणसाने एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 मिलिग्रॅमच्या आत राहावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने दिवसाला 200 च्या आत. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला 300 मिलिग्रॅम घेतले, तर रात्री अकरालाही 150 अंगात शिल्लक. मग मुलगा रात्री तळमळतो आणि आई म्हणते, मोबाइलने झोप उडवली!

दुसरा घटक बीटा-अलॅनिन. मुंग्या येतात त्या याच्यामुळे. त्वचेतल्या मज्जातंतूंना तो चेतवतो. मुंग्या तासाभरात जातात, त्यांनी अपाय झाल्याचे दिसलेले नाही. पण गंमत अशी की, मुंग्या आल्या म्हणजे औषध लागू पडले, असे मुलांना वाटते. तसे मुळीच नाही. या पदार्थापासून स्नायूंत कार्नोसिन नावाचे द्रव्य साठते आणि दमछाकीचा व्यायाम थोडा अधिक वेळ रेटता येतो. परंतु त्यासाठी तो रोज, दोन ते चार आठवडे घ्यावा लागतो. आज घेतला म्हणून आज बळ येत नाही.

तिसरा क्रिएटिन. 1832 साली शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाला तो मांसात सापडला. आपले शरीरही तो तयार करते. जोर, बैठका, वजने अशा थोडक्या वेळच्या जोराच्या कामात त्याचा उपयोग होतो, हे पुष्कळ प्रयोगांनी दिसले आहे. रोज तीन ते पाच ग्रॅम पुरते, आणि तो व्यायामाआधीच घ्यावा असेही नाही. स्नायूंत पाणी धरल्याने वजन किलोभर वाढू शकते. आणखी एक ध्यानात ठेवा. तो घेणाऱ्याच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढा येऊ शकतो. मूत्रपिंड बिघडले म्हणून घाबरण्याआधी डॉक्टरांना डब्याची गोष्ट सांगावी. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

चौथा सिट्रुलिन. हा प्रथम कलिंगडात सापडला आणि कलिंगडाच्या लॅटिन नावावरूनच याचे बारसे झाले. याने रक्तवाहिन्या सैलावतात. व्यायामाला होणाऱ्या लाभाबद्दल प्रयोगांचे एकमत नाही. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र जपावे. याखेरीज चेहरा लाल करणारे नायसिन, टॉरीन, रंग, कृत्रिम गोडी असा लवाजमा असतोच.

आता खऱ्या भीतीची गोष्ट. काही डब्यांवर घटकांची नावे असतात, पण प्रत्येकाचे वजन नसते. ‘आमचे खास मिश्रण’ म्हणून एकच आकडा छापलेला असतो. वाण्याने तूरडाळ किती नि खडे किती हे न सांगता पुडी बांधली, तर आपण ती घेऊ का? मिथाइलहेक्झानामाइन नावाचे एक उत्तेजक असेच या भुकट्यांतून विकले जात होते. त्याने रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. 2012 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते विकणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर आपलेही काही खेळाडू याच द्रव्यापायी चाचणीत दोषी ठरले. तेव्हा वजने न सांगणारा डबा घरात घेऊ नये, आणि भुकटी कोरडी तोंडात टाकण्याचे जे खूळ निघाले आहे, ते तर मुळीच चालू देऊ नये. ठसका लागून ती श्वासनलिकेत जाते आणि सारे कॅफीन एकदम अंगावर येते.

इथवर वाचून झाल्यावर मी डबा मिटला. त्या भगिनी निघाल्या, दारापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाई, खरं सांगू? आठवडाभर अर्धं माप मीच घेतेय. पहाटे उठून डबे भरायचे, मग ऑफिस. हे घेतलं की दुपारपर्यंत पाय ओढत नाहीत.”

भगिनींनो, मुलासाठी घाबरलेली ही आई स्वतःसाठी घाबरली नव्हती!

कॅफीन बळ देत नाही. दमल्याचा निरोप मेंदूला देणारे एक द्रव्य शरीरात साठत असते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. निरोप पोहोचत नाही, पण थकवा जागच्या जागीच असतो. आणि आपल्या थकव्यामागे पुष्कळदा मोठे कारण असते. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. त्या बाईंना मी एवढेच म्हटले, “डबा मुलाला परत द्या आणि उद्या हिमोग्लोबिन तपासून घ्या.” त्यांनी तपासले. आकडा नऊच्या खाली निघाला. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि पहाटेचे डबे मुलगा भरतो. व्यायामाची हौस आहेच त्याला!

तेव्हा घरी जाऊन डबा शोधा, पण मुलावर ओरडू नका. त्याच्याजवळ बसून वजने वाचा. अठराच्या आतल्या मुलांना, गरोदर स्त्रीला, छातीत धडधड होणाऱ्याला ही भुकटी नको, हे समजावून सांगा. आणि स्वतःला थकवा वाटला, तर तो निरोप ऐका. त्याचे तोंड बंद करू नका.