पाडलेले घर आणि नगराची जबाबदारी

(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या मांडवात घर पाडण्याची गोष्ट काढणे काहींना अशुभ वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचे जुने वाडे गावठाणात आहेत, आणि रस्तारुंदीच्या तांबड्या खुणा कोणाच्या ओट्यावर कधी पडतील याचा नेम नाही. म्हणून नगरपालिकेने खाजगी घर चुकीने पाडले तर तिच्यावर काय जबाबदारी येते, ते थोडक्यात सांगतो.

याविषयीचा एक निवाडा वकील मंडळींना पाठ असतो. तो १८६३ सालचा, लंडनच्या वँड्सवर्थ भागातला. तेथे कूपर नावाच्या गृहस्थाने घर बांधावयास घेतले. १८५५ च्या कायद्याप्रमाणे पाया घालण्यापूर्वी सात दिवस स्थानिक बोर्डाला सूचना द्यावयाची होती. न दिल्यास बांधकाम पाडण्याचा बोर्डाला अधिकार होता. कूपर म्हणे, सूचना पाठविली. बोर्ड म्हणे, मिळाली नाही. शिवाय सूचनेनंतर पाच दिवसांतच काम सुरू केल्याचे खुद्द कूपरनेच कबूल केले. भिंती दुसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या असता एके दिवशी संध्याकाळी उशिरा बोर्डाची माणसे आली आणि त्यांनी सारे जमीनदोस्त केले.

येथे कूपरचा पक्ष लंगडा होता, हे ध्यानात घ्या. तरी तो जिंकला, आणि बोर्डाला नुकसानभरपाई द्यावी लागली. मुख्य न्यायमूर्ती अर्ल व त्यांचे सहकारी म्हणाले, अधिकार होता हे खरे, पण मालकाला विचारल्यावाचून तो चालविता येत नाही. कायद्यात तसे लिहिलेले नव्हते, तरीही! एका न्यायमूर्तींनी तर बायबलातल्या आदमाचा दाखला दिला: देवानेही शिक्षा करण्याआधी त्याला जाब विचारला होता. बोर्ड देवाहून वरचढ असल्याचे कोणी म्हटले नाही.

आपल्याकडे १९७८ च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, पण कलम ३००-अ आले. कायद्याच्या आधारावाचून कोणाची मालमत्ता घेता येत नाही. २०१९ साली उत्तर प्रदेशात महाराजगंज येथे रस्त्यासाठी एक घर पाडले. अतिक्रमण ३.७० मीटरचे असल्याचे सरकारचे म्हणणे होते; ते खरे धरले तरी पाडापाड त्याहून पुष्कळ जास्त झाली, आणि लेखी नोटीस नव्हती, नुसती दवंडी! ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला २५ लाख रुपये देण्यास सांगितले.

लगेच १३ नोव्हेंबरला आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई व न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. रजिस्टर पोस्टाने नोटीस, उत्तरास किमान पंधरा दिवस, समक्ष सुनावणी, सकारण हुकूम, आणि हुकुमानंतर पुन्हा पंधरा दिवस. पाडताना चित्रीकरण करावयाचे. हे नियम मोडल्यास संबंधित अधिकाऱ्याने पदरच्या पैशाने वास्तू पूर्ववत करून द्यावयाची, वर भरपाईही. माझ्या मते खरी जरब इथेच आहे. नगरपालिकेने भरपाई दिली तर ती अखेर आपल्याच घरपट्टीतून जाते. साहेबांच्या पगारातून जाऊ लागली म्हणजे सही करताना हात थबकेल.

मात्र सार्वजनिक रस्ता, पदपथ, नदीकाठ किंवा रेल्वेमार्गालगतची अनधिकृत बांधकामे, आणि कोर्टानेच पाडावयास सांगितलेली, यांना हे नियम लागू नाहीत. तेव्हा रस्त्यावर पुढे काढलेल्या ओट्यासाठी कोणी माझ्याकडे येऊ नये.

नोटीस आली तर ती दाराला चिकटवलेली फाडून टाकू नका. त्यावरची तारीख पाहा, मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या, सुनावणीला जातीने जा. कूपरला विचारले असते तर त्याच्यापाशी निदान सांगण्यासारखे काही होते. आपल्यापाशी कागद हवेत. आजोबांच्या नावचा उतारा, मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या. वाटणी होऊन तीस वर्षे झाली तरी नावे न बदललेली घरे या सभेतच दहा तरी असतील.

आपल्या संस्थेच्या वास्तूचा मंजूर नकाशा मी परवा चिटणीसांकडे मागितला. तो जुन्या लोखंडी कपाटात असावा असे ते म्हणाले, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते. सभा संपल्यावर ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या किल्ल्यांचे जुडगे एकदा पाहावेत, एवढी माझी विनंती आहे.